हात बघून जग सांगणारी

इंद्राणीसमोर डोंगरातली एक भविष्य सांगणारी बाई येते. तिने राणीचा हात हाती घ्यावा, रेषा न्याहाळाव्यात, ‘मनातला पुरुष भेटेल’ असा दिलासा द्यावा आणि साडी-दागिन्यांची बिदागी घेऊन निघून जावे, असा रिवाज आहे. तंजावरच्या एका मराठी नाटकातली बाई मात्र पृथ्वीचा भूगोल सांगू लागते. खंडे कोणती, देश कोणते, समुद्र कुठे, डोंगर कुठे, कोणती नदी कुठून वाहते, हे सारे ती गात गात सांगते. रानोमाळ हिंडणारी बाई स्वर्गाच्या राणीला पृथ्वी शिकवते आहे. या नाटकाचे नाव ‘देवेंद्र कोरवंजी’. लेखक आहेत तंजावरचे राजे सरफोजी दुसरे. त्यांचा राज्यकाळ १७९८ ते १८३२.

आज अशा लेखनाला ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. १९२५ साली जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो याने चित्रकलेसंदर्भात ही संज्ञा वापरली. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या कादंबऱ्यांनी ती जगभर नेली आणि अमेरिकेत तिला एक खोडकर, खदखदून हसवणारे रूप मिळाले. त्या रूपाचा सर्वांत लाडका कादंबरीकार म्हणजे टॉम रॉबिन्स (१९३२–२०२५). त्याची पुस्तके बाजूला ठेवून तंजावर जिल्ह्याकडे वळलो, की लक्षात येते, देवाला चावडीवर बसवून त्याच्याशी थट्टा करण्याची आणि त्या थट्टेतून मोठी गोष्ट सांगण्याची रीत कावेरीच्या गावांत तीनशे वर्षांपासून रुजलेली आहे. तिचा एक मोठा भाग मराठीत आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख फार थोडी आहे, ही खंत वाटावी इतका तो सुंदर आहे.

नदीच्या फाट्यांवरची मराठी

श्रीरंगमजवळ कावेरी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम नावाने समुद्राकडे जातो आणि दक्षिणेचा कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी पुन्हा वाटला जातो. करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा आजही पाणी वाटतो. तिथून कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या असंख्य पाटांनी तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम, मयिलाडुतुरै या भागांतली भातशेती पोसली. कुरुवै आणि सांबा ही भाताची पिके, प्रत्येक गावाला मोठे देऊळ, प्रत्येक देवळाला तळे, आणि उत्सवात रात्ररात्र चालणारे गाणे-नाटक असा हा मुलूख. पाण्याने धान्य दिले, धान्याने कलावंतांना आधार दिला.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५पर्यंत इथे भोसल्यांचे राज्य राहिले. राजदरबारी मराठी, आधीच्या नायक राजांपासून चालत आलेली तेलुगू, गावोगावची तमिळ आणि पंडितांची संस्कृत अशा चार भाषा एकाच अंगणात नांदल्या. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजींनी भोसले कुळाचा मराठी इतिहास कोरून घेतला. चोळांनी बांधलेल्या त्या भव्य देवळात फिरताना अचानक देवनागरी अक्षरे समोर येतात आणि मराठी माणूस थबकतो. देशस्थ ‘राव’ मंडळींना इथे ‘रायर’ म्हणतात, आणि काही घरांत तमिळचे वळण घेतलेली मराठी अजून बोलली जाते.

कुरवंजीचा साचा

‘कुरवंजी’ हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. त्याची गोष्ट जवळजवळ ठरलेली असते. आधी कट्टियक्कारन, म्हणजे छडीदार, ललकारी देत येतो. मग देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते. चेंडू खेळणारी नायिका त्याला पाहते आणि प्रेमात पडते. चांदणे तिला पोळते, वारा टोचतो. मैत्रिणी तिला समजावून थकतात, तेवढ्यात रस्त्यावरून कुरत्तीची हाक येते. काखेला टोपली, हातात छडी घेतलेली ही डोंगरकन्या आपल्या डोंगराचे, धबधब्याचे, हिंडलेल्या देशांचे वर्णन करते, कुलदेवतांना हाक मारते, हात बघते आणि शुभ सांगते.

खरी धमाल यानंतर. कुरत्तीचा नवरा सिंगन हा पारधी. पाखरे धरायला जाळे लावून तो बसलेला असतो, पण लक्ष हरवलेल्या बायकोकडे. शेवटी ती सापडते ती दागिन्यांनी मढलेली. त्याने असले काही पाहिलेले नसते. तिच्या पायातले, बोटातले, कानातले बघून तो चक्रावतो आणि हे काय, ते काय असे विचारत सुटतो. ती तोऱ्यात एकेकाचे उत्तर देते. सगळे नाटक देवाच्या प्रेमात बुडालेले असताना शेवटचा हशा मात्र या दोन गरीब, भटक्या माणसांच्या संसारावर वसूल होतो, आणि तो हशा त्यांना हिणवणारा नसतो. त्यांचे प्रेमच सर्वांत खरे वाटते.

या साच्यात एक गंमत मुळातच दडली आहे. नायिका महालात कोंडलेली आणि कुरत्ती जग पाहिलेली. जिच्याजवळ सत्ता आहे तिला काही कळत नाही, आणि जिच्याजवळ टोपलीखेरीज काही नाही ती सर्वज्ञ. आपल्याकडे संत एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी अशी रस्त्यावरची माणसे उभी केली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म वदवले, त्याच जातीची ही युक्ती आहे. ऐकणाऱ्याचे दार बंद असेल, तर हसणारा माणूस आधी आत जातो आणि शहाणपण त्याच्या पाठोपाठ.

सरफोजींचा विद्यार्थी-दरबार

सरफोजींचा जन्म १७७७चा. तुळजाजी राजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले. लगेच राजे वारले आणि गादी चुलते अमरसिंह यांच्याकडे गेली. मुलगा असुरक्षित होता. त्याच्या पाठीशी उभा राहिला तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्त्झ हा जर्मन मिशनरी. श्वार्त्झने त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे रदबदली केली. १७९८च्या फेब्रुवारीत श्वार्त्झ वारला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढे आपल्या गुरूसाठी त्यांनी इंग्लंडचा नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आहे. मृत्युशय्येवरच्या वृद्ध गुरूचा हात धरलेला तरुण राजा त्यात दिसतो.

१७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून पेन्शन खात बसला असता. सरफोजींनी गमावलेल्या राज्याच्या जागी ज्ञानाचे राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, युरोपातून हजारो पुस्तके मागवली, नकाशे व उपकरणे जमवली, डोळ्यांच्या उपचारांच्या नोंदी ठेवल्या, शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. ही इसापच्या गोष्टींची मराठी आवृत्ती होय. देवनागरीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांत तिची गणना होते. मराठी छपाईची सुरुवातीची पावले कावेरीकाठी पडली आणि ती बोलणाऱ्या प्राण्यांच्या संगतीने पडली, ही गोष्ट प्रत्येक मराठी शाळेत सांगितली जावी.

‘देवेंद्र कोरवंजी’ याच प्रकल्पाचे अपत्य आहे. नव्या भूगोलाची पुस्तके तर राजाजवळ होती. तो भूगोल लोकांपर्यंत न्यायचा कसा? जंबुद्वीप, क्षीरसागर, मेरुपर्वत यांवर वाढलेल्या श्रोत्यांपुढे युरोपीय नकाशा थेट टाकला असता, तर तो परका वाटला असता. राजाने तो आपल्याच नाटकातल्या, आपल्याच ओळखीच्या कुरत्तीच्या तोंडी घातला. कुरत्ती तर नेहमीच देशोदेशीची वर्णने करत आली होती. तिने आपल्या फेरीत आणखी काही देश घातले, एवढेच. इंद्रलोक तसाच राहिला, देव तसेच राहिले आणि त्यांच्या शेजारी नवी पृथ्वी येऊन बसली. जुन्याला मोडल्याशिवाय नवे आत कसे आणावे, याचा हा धडा आहे. तो देणाऱ्या राजाचे वेगळेपण कोणत्याही लढाईपेक्षा मला मोठे वाटते.

सरफोजी स्वतःही एका कुरवंजीचे नायक झाले. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर या कवीने त्यांच्यावर तमिळमध्ये ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली. बृहदीश्वराच्या देवळाच्या उत्सवात ती दीर्घकाळ नाचली गेली. एका राजाने मराठीत कुरत्तीला भूगोल शिकवायला लावले आणि दुसऱ्या नाटकात कुरत्तीने त्याच राजाचे नाव नायिकेच्या तळहातावर वाचले.

बेथलेहेमला गेलेली कुरत्ती

श्वार्त्झच्या छायेत वाढलेला आणखी एक मुलगा होता, वेदनायकम. १७७४ साली तिरुनेलवेलीकडे जन्मलेला हा तमिळ ख्रिस्ती मुलगा श्वार्त्झबरोबर तंजावरला आला आणि पुढे वेदनायक शास्त्री या नावाने मोठा कवी झाला. १८६४पर्यंत तो जगला. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. इथे नायिका आहे सियोनची कन्या, जिचे मन ख्रिस्तावर जडले आहे. कुरत्ती आहे साक्षात श्रद्धा. हात बघता बघता ती भूगोल तर सांगतेच, शिवाय सूर्याभोवती ग्रह फिरतात हे कोपर्निकसचे खगोलशास्त्रही सांगते.

राजा हिंदू, कवी ख्रिस्ती. एकाचे नाटक मराठी, दुसऱ्याचे तमिळ. एकाचा देव इंद्र, दुसऱ्याचा येशू. पण गुरू एक, गाव एक, आणि दोघांनीही नवे विज्ञान ज्या बाईच्या टोपलीत ठेवले ती बाईही एकच. युरोपातला चर्च आणि खगोलशास्त्र यांचा झगडा डोळ्यांपुढे आणावा आणि मग या तमिळ भक्तिनाट्याकडे बघावे. कावेरीकाठी श्रद्धेनेच ग्रहांची गती सांगितली, आणि तीही गाण्यात.

मन्नारगुडीचा मोरोभट

सरफोजींना ही वाट सापडली, कारण त्यांच्या पणजोबांच्या पिढीपासून ती मळलेली होती. एकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४–१७१२) हे स्वतः नाटककार. मराठीत त्यांनी वीसएक नाटके लिहिली. त्यांतले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतले पहिले नाटक मानावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सूत्रधार, गणपतीचा प्रवेश आणि ‘दरू’ नावाची गाणी असा त्यांचा घाट. ‘पंचभाषाविलास’ नावाच्या त्यांच्या नाटकात तर पाच भाषा एका मंचावर येतात. वेगवेगळ्या प्रांतांच्या नायिका आपापल्या भाषेत एकाच नायकाची आळवणी करतात. ज्या दरबारात रोज या भाषा ऐकू येत, त्या दरबाराने स्वतःच्या बहुभाषिकपणाचे केलेले हे प्रेमळ कौतुक आहे.

पण शहाजीराजांचे सर्वांत धाडसी नाटक तेलुगूत आहे. ‘सती दान शूरमु’. स्थळ मन्नारगुडी, राजगोपालस्वामींच्या उत्सवाचा दिवस. मोरोभट नावाचा विद्वान ब्राह्मण शिष्यासह उत्सवाला येतो आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या एका विवाहित स्त्रीवर भाळतो. शिष्य शास्त्राचे दाखले देऊन गुरूला आवरतो. गुरू वेदान्तच उलटा फिरवून स्वतःच्या मोहाचे समर्थन करतो. ती बाई त्याला शहाणपणाच्या चार गोष्टी ऐकवते. आणि तिचा नवरा इतका दानशूर, की मागणाऱ्याला नाही कसे म्हणावे, म्हणून पत्नीचेच दान करायला तयार होतो. शेवटी देवालाच यावे लागते.

पत्नीचे दान ही कल्पना आजच्या वाचकाला बोचते, आणि ती बोचायलाच हवी. पण सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर एका मराठा राजाने विद्येचा तोरा आणि माणसाचा मोह यांच्यातली दरी इतक्या उघडपणे मंचावर आणली, विद्वानाचे नाव खास मराठी ठेवले, शहाणपण शिष्याच्या व तथाकथित खालच्या जातीतल्या स्त्रीच्या तोंडी दिले आणि हे सारे देवाच्या उत्सवाच्या गर्दीत घडवले. प्रश्नाची धार हशाने बोथट झाली नाही. हशामुळे ती सगळ्यांना सोसवली.

याच शहाजीराजांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना वसवायला दिले आणि त्याला शहाजिराजपुरम हे नाव मिळाले. तिथल्या रामभद्र दीक्षितांनी संस्कृतात ‘जानकीपरिणय’ लिहिले. त्यात रावण आणि त्याचे साथीदार राम-लक्ष्मण-विश्वामित्रांची रूपे घेऊन वावरतात आणि खरा कोण, खोटा कोण हा गोंधळ साऱ्या नाटकभर वाढत जातो. रामायणाचा असा बहुरूपी खेळ करणाऱ्या पंडिताची विद्वत्ता किती निर्भय असेल!

त्याच गावची आणखी एक आठवण लोक आजही जगतात. श्रीधर अय्यावाळ हे तिथले सत्पुरुष. श्राद्धाच्या दिवशी दारी आलेल्या एका भुकेल्या, अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसाला त्यांनी श्राद्धाचे अन्न वाढले. गावच्या ब्राह्मणांनी प्रायश्चित्त सांगितले: गंगास्नान. काशी तर शेकडो कोस दूर. अय्यावाळांनी गंगेचा धावा केला आणि त्यांच्या विहिरीतून गंगा उसळून गल्लीत वाहू लागली, अशी कथा आहे. कार्तिक महिन्याच्या अमावास्येला आजही शेकडो माणसे त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला येतात. पैठणच्या एकनाथांच्या चरित्रातला श्राद्धाचा प्रसंग मराठी वाचकाच्या लगेच मनात येईल. गोदावरीकाठी आणि कावेरीकाठी दोन गावांनी एकाच करुणेसाठी चमत्कार मागितला. भुकेल्याला जेवू घालणे हे पाप नव्हे, हे सांगायला नियमांचे पुस्तक पुरेना, तेव्हा लोकांनी नदीला साक्षीला बोलावले.

मेलट्टूरची रात्र आणि त्यागराजांची नाव

तंजावरपासून वीसेक किलोमीटरवर मेलट्टूर हे गाव आहे. नायक राजांनी ब्राह्मण कुटुंबांना जमिनी देऊन वसवलेले. इथे वैशाखात नृसिंहजयंतीच्या सुमारास ‘भागवत मेळा’ हा तेलुगू नाट्यप्रकार होतो. सालियमंगलम, तेप्पेरुमानल्लूर अशा गावांतही ही परंपरा आहे. मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधिकाळात रचलेली नाटके इथले पुरुष पिढ्यानपिढ्या करतात. स्त्रियांच्या भूमिकाही तेच करतात.

रात्री खेळ सुरू होतो तो कोणंगीने, म्हणजे उंच टोपी घालून बागडणाऱ्या विदूषकाने. मग हत्तीचा मुखवटा लावलेला गणपती येतो. त्याच मंचावर पहाटेच्या सुमारास ‘प्रह्लादचरित्रमु’मधला नृसिंह प्रकटतो. त्याचा मुखवटा एरवी देवळात पूजेत असतो. तो चढवणारा माणूस उपास करतो आणि अंगात संचार झाला तर सावरायला माणसे त्याला धरून असतात. हिरण्यकशिपू करणारा नट आणि नृसिंह करणारा नट गावचेच, रोज एकमेकांना भेटणारे, पण त्या घटकेला गाव त्यांच्यात देव आणि दैत्य बघते. हे ‘जणू’ नसते. कोणंगीच्या टोपीला हसणारी आजी चार तासांनी त्याच जागी हात जोडून उभी राहते. हसण्याची आणि भक्तीची जागा एकच आहे, हे इथे वेगळे शिकवावे लागत नाही. याच नाटकांतल्या ‘उषापरिणयमु’मध्ये चित्रलेखा झोपलेल्या अनिरुद्धाला मायेने उचलून उषेच्या महालात आणते. स्वप्नात पाहिलेला पुरुष सकाळी खरोखर घरात सापडतो.

तिरुवैयारूला त्यागराज (१७६७–१८४७) याच काळात राहत होते. त्यांची कृती-कीर्तने सर्वांना माहीत आहेत. त्यांचे ‘नौकाचरित्रमु’ हे गेय नाटक महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाही. गोपी कृष्णाला घेऊन नावेत बसतात. आपल्या रूपाचा, आपल्या भाग्याचा त्यांना गर्व होतो. मग वादळ उठते, नावेला भोक पडते आणि कृष्ण साळसूदपणे सुचवतो की वस्त्रांनी ते बुजवा. गर्व पाण्यात जातो, भक्ती वर येते, नाव तरते. गोष्ट यमुनेची, पण नावेखालचे पाणी नि:संशय कावेरीचे आहे. इतका मोठा भक्त देवाबरोबर इतका मोकळा खेळतो, तेव्हा खेळणे हीच भक्तीची एक परिणती असते, हे उमगते.

बाहुल्यांमागची मराठी

दरबार आणि देवळे सोडून आता रस्त्यावर येऊ. तमिळनाडूत ‘तोल्पावैकूत्तु’, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, करणारी मंडळी ‘मंडिगर’ समाजाची आहेत. पडद्यापुढे खेळ तमिळमध्ये होतो, पण पडद्यामागे, घरात, ती मराठी बोलतात. मराठा राजांच्या काळात आपले पूर्वज तंजावरकडे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ही कुटुंबे मदुरै, कन्याकुमारीपर्यंत पसरली.

त्यांच्या रामायणात राम, सीता, रावण यांच्याइतकेच महत्त्वाचे दोन विदूषक असतात: उच्चिक्कुडुंबन आणि उळुवत्तलैयन. ही जोडी कुठेही शिरते. रामाच्या वनवासातही आणि लंकेच्या युद्धातही. ती आजच्या गोष्टी बोलते, महागाईवर कुरकुरते, गावातल्या बड्यांना चिमटे काढते, आणि मग कथा पुढे जाते. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी आपल्याला माहीत आहेत. सिंधुदुर्गातला तो खेळ आणि दक्षिणेतला हा खेळ, दोन्हीकडे मराठी बोलणारा हात सावली हलवतो. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने या कलावंतांची रोजीरोटी हिरावली. पिंगुळीच्या कलेबद्दल आपण थोडेफार तरी बोलतो; आपल्याच भाषेत मुलांना निजवणाऱ्या मंडिगर घरांचे नावही मराठी सांस्कृतिक चर्चेत येत नाही.

रॉबिन्सच्या शेजारी

आता टॉम रॉबिन्सला या पंगतीत बसवू. त्याच्या ‘स्किनी लेग्ज अँड ऑल’ (१९९०) या कादंबरीत शेंगांचा एक पत्र्याचा डबा, एक मळका मोजा आणि एक चमचा, एका रंगवलेल्या काठीच्या व शंखाच्या सोबतीने जेरुसलेमच्या दिशेने प्रवासाला निघतात आणि वाटेत धर्म, युद्ध, कला यांवर गंभीर वाद घालतात. ‘जिटरबग परफ्यूम’मध्ये (१९८४) ग्रीक देव पॅन क्षीण होत जातो, कारण लोकांचा विश्वास उडाला आहे. अखेर तो दिसेनासा होतो, उरतो फक्त त्याचा उग्र वास. त्याच कादंबरीत सतीच्या चितेपासून पळालेली कुद्रा नावाची भारतीय स्त्री आहे. मृत्यूला नकार देणाऱ्या राजाबरोबर ती शतके ओलांडते.

रॉबिन्सने जे केले त्याचे मोल मोठे आहे. ज्या समाजात देव आणि हसू यांची ताटातूट झाली होती, तिथे त्याने त्यांची पुन्हा गाठ घालून दिली. त्यासाठी त्याला मोज्याला आणि डब्याला बोलते करावे लागले. तंजावरच्या लेखकांना ही गाठ तयार मिळाली होती. त्यांच्या गावात देव रथातून फिरतच होता, विहिरीत गंगा होतीच, कुरत्ती दारावर येतच होती. त्यांचे कौशल्य वेगळ्या ठिकाणी लागले: या ओळखीच्या अद्भुतात त्यांनी जे अनोळखी ते घातले. सरफोजींनी नकाशा घातला, वेदनायकांनी सूर्यमाला घातली, शहाजीराजांनी जातीचा आणि मोहाचा प्रश्न घातला. अमेरिकन कादंबरीकाराने कोरड्या वास्तवात चमत्कार सोडला, कावेरीकाठच्या नाटककारांनी चमत्कारात वास्तव सोडले. दोन्ही बाजूंनी खणलेला बोगदा एकाच जागी उघडतो: हसलेला माणूस ऐकायला तयार असतो.

मराठीने हे घरात घ्यावे

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. तो मान त्यांचा आहे आणि राहील. पण त्याआधी दीडशे वर्षे तंजावरात मराठी नाटके लिहिली गेली, हे त्या दिवशी किती व्यासपीठांवरून सांगितले जाते? इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एखादा परिच्छेद मिळतो, आणि ‘पौराणिक, दरबारी, दाक्षिणात्य वळणाची’ असे म्हणून पान उलटले जाते. या तीन विशेषणांतच त्यांचे वैभव आहे. दाक्षिणात्य वळण हे मराठीचे न्यून नव्हते. शेजारच्या भाषांकडून घ्यावे आणि त्यांना द्यावे, या मोठ्या मनाची ती खूण होती. पुढे तंजावरात आलेल्या मराठी कीर्तनकारांमुळे तमिळ हरिकथेत अभंग, साकी, दिंडी, ओवी रुजल्या, तेही याच देवघेवीतून.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८पासून सर्वांना खुले आहे. तिथे मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची बंडले जपलेली आहेत, आणि ग्रंथालयाने अनेक मराठी नाटके छापूनही काढली आहेत. करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी तंजावरची नाटके अभ्यासक्रमात पूर्ण वाचायला लावावीत. मोडी शिकलेल्या तरुणांना तिथे महिना-दोन महिने राहून काम करण्यासाठी शिष्यवृत्ती मिळावी. प्रायोगिक रंगभूमीवरच्या दिग्दर्शकांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ तमिळ कलावंतांच्या साथीने उभी करावी, आणि एखाद्या शाळेने ती भूगोलाच्या वर्गात करून बघावी. नकाशा पाठ करताना कंटाळणाऱ्या मुलांना हात बघून जग सांगणारी बाई भेटली, तर ती नद्यांची नावे आयुष्यभर विसरणार नाहीत.

आपण जगभरच्या कादंबऱ्यांत अद्भुत शोधतो, आणि शोधावेच; रॉबिन्स वाचावा, लॅटिन अमेरिकेचा मार्केस वाचावा. पण ज्या राजाचे राज्य गेले होते त्याने मराठीत एका भटक्या बाईला पृथ्वीची शिक्षिका केले, आणि इंद्राणीला तिची विद्यार्थिनी. सत्ता आणि जात यांचे सगळे क्रम त्या एका प्रसंगात उलटतात, आणि तरीही कोणाचा अपमान होत नाही. इतके उदार, इतके खेळकर आणि इतके गंभीर नाटक आपल्या भाषेत आहे. मराठी साहित्याचा अभिमान सांगताना यापुढे तंजावरचे नाव अगोदर घेतले पाहिजे.